दुकानातला सशाचा खाऊ: पॅकेट उलटं करून काय वाचायचं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तीन वर्षांचा, १ किलो ८०० ग्रॅमचा ससा. मुलीने साठवलेल्या पैशांतून त्याच्यासाठी पेट शॉपमधून तीन गोष्टी आणल्या: रंगीत योगर्ट ड्रॉप्स, मधात चिकटवलेल्या दाण्यांची कांडी आणि ‘हेअरबॉलवर उपाय’ (हेअरबॉल म्हणजे पोटात साठलेला केसांचा गोळा) म्हणून वाळवलेल्या पपई-अननसाचे तुकडे. दुकानदार म्हणतो माल इम्पोर्टेड आहे, सगळेच नेतात. यूट्यूबवरची एक बाई म्हणते हे सगळं विष आहे. ससा दोन आठवडे हे खातोय आणि तुम्हाला हवंय ते एवढंच, की यातला विषारी घटक कोणता आणि आता करायचं काय.

मी पुण्यात लहान पाळीव प्राण्यांची प्रॅक्टिस करतो. कुत्री-मांजरं जास्त, पण ससे आणि गिनी पिगही नेहमी येतात. विषारी घटक शोधायला बसलात तर तुमच्या तिन्ही पॅकेटांत बहुधा एकही सापडणार नाही. तरीही ती तिन्ही पॅकेटं मी माझ्या सशाला देणार नाही. हे ऐकायला विचित्र वाटेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सशाचं पचन समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. ससा गवतावर जगतो, पण गायीसारखा रवंथ करत नाही. त्याचं अन्न आंबतं ते मागे, मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या सीकम नावाच्या भल्यामोठ्या पिशवीत. त्याच्या पोटा-आतड्यांत एका वेळी जेवढा ऐवज असतो, त्यातला सुमारे ४० टक्के एकट्या या पिशवीत असतो. तिथले जिवाणू गवताचा बारीक चोथा आंबवतात. त्यातून मऊ, चकचकीत, उग्र वासाच्या लेंड्या तयार होतात, एकमेकींना चिकटलेल्या, अगदी तुतीच्या फळासारख्या. ससा त्या थेट गुदद्वाराला तोंड लावून खातो आणि त्यातून त्याला प्रथिनं आणि बी गटातली जीवनसत्त्वं मिळतात. निरोगी सशाच्या मालकाला या लेंड्या वर्षानुवर्षं दिसतही नाहीत.

गवताचा जाड, न पचणारा धागा मात्र सीकममध्ये जातच नाही. आतडं त्याला वेगळा काढून पुढे ढकलतं आणि त्या ढकलण्यानेच आतड्याची हालचाल चालू राहते. जाड धागा कमी पडला की हालचाल मंदावते. वरून पीठ आणि साखर गेली की सीकममधली जिवाणूंची घडी विस्कटते. मग एक तर मऊ लेंड्या पातळ होऊन बुडाला लिडबिडतात, नाही तर पोट फुगून ससा खाणंच सोडतो. दूध नुकतं सुटलेल्या पिल्लांत तर पिष्टमय खाण्याच्या जोरावर क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू वाढतात, विष तयार करतात आणि संध्याकाळी उड्या मारणारं पिल्लू सकाळी गेलेलं असतं. त्यात ससा उलटी करू शकत नाही. आत गेलेलं निस्तरायचं ते पुढच्याच वाटेने.

म्हणून सशाच्या खाऊबद्दल मी विचारतो ते असं: यात काय आहे, किती दिलं जाणार आहे, ते खाल्ल्यामुळे कोणतं गवत खायचं राहणार आहे, आणि हे पॅकेट किती दिवस कुठे पडून होतं. शेवटचा प्रश्न कुणीच विचारत नाही. मला भीती वाटते ती त्याचीच, पण आधी तुमची पॅकेटं बघू.

योगर्ट ड्रॉप्स. नावात दही आहे म्हणून आपल्याला बरं वाटतं. मागे वाचा: साखर, पाम कर्नल तेल किंवा तसली घट्ट चरबी, व्हे पावडर, दूध पावडर, लेसिथिन, रंग. कुणीतरी मला हमखास म्हणतं, “डॉक्टर, पण दह्यातले जिवाणू पोटाला चांगले ना?” वितळवून साच्यात ओतलेल्या साखर-चरबीच्या गोळीत जिवंत विरजण उरलं असेल यावर माझा विश्वास नाही. उरलं तरी मोठ्या सशाच्या पोटातलं आम्ल त्याला टिकू देत नाही आणि त्याच्या सीकममध्ये वस्ती असते ती मुख्यतः बॅक्टेरॉइड्स गटाची, दह्यातल्या लॅक्टोबॅसिलसची नाही. दूध सुटल्यावर दुधातली साखर पचवायची क्षमताही घटते. एखादा ड्रॉप खाल्ल्याने ससा मरणार नाही, पण या गोळीत त्याच्या उपयोगाचं काहीच नाही.

रंगांबद्दल तुम्ही वेगळं विचारलं होतं. टार्ट्राझिन म्हणजे ई १०२, सनसेट यलो म्हणजे ई ११०, हे रंग माणसांच्या मिठाईतही ठरावीक प्रमाणात चालतात. त्या मात्रेला सशाचं काही बिघडतं असं मी म्हणणार नाही. गंमत अशी, की सशाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, निळ्या आणि हिरव्याच्या. लाल रंग त्याला आपल्यासारखा दिसतच नाही. म्हणजे तो लाल-गुलाबी ड्रॉप तुमच्या मुलीसाठी रंगवलेला आहे. (सशाची लघवी कधी तांबूस दिसली तर लगेच रंगाला दोष देऊ नका. त्याची लघवी फिकट पिवळ्यापासून विटकरीपर्यंत नैसर्गिकरीत्या बदलते. ती तशीच राहिली, किंवा ससा कुंथत असेल, तर मात्र तपासून घ्या.)

मधाची कांडी. या तिघांत मला सगळ्यात नावडती हीच. गहू, मका, बाजरी किंवा कांग, सूर्यफूल, कधी शेंगदाणा, आणि हे सगळं मध, ग्लुकोज सिरप किंवा मळीने एका काडीवर घट्ट बसवलेलं. हिशोब करून बघा. १.८ किलोच्या घरात बसणाऱ्या सशाला दिवसाला साधारण १५० किलोकॅलरी पुरतात. ६० ग्रॅमच्या अशा कांडीत २०० च्या आसपास भरतात. कांडी पिंजऱ्याला टांगली की तो दोन दिवसांत फस्त करतो. त्या दोन दिवसांत त्याने गवताला तोंड का लावावं?

गवत चुकलं की फक्त पोट बिघडत नाही. सशाचे सगळे, म्हणजे २८ दात आयुष्यभर वाढत राहतात, पुढचे तर आठवड्याला २ ते ३ मिलिमीटर. गवत चघळताना जबडा आडवा फिरतो आणि दाढा एकमेकींवर घासल्या जातात. दाणा खाताना जबडा वरखाली होऊन नुसता चुरा करतो. दाढा नीट झिजल्या नाहीत की खालच्या दाढांना जिभेकडे आणि वरच्यांना गालाकडे अणकुचीदार टोकं येतात. असा ससा वाटीशी येतो, दाणा उचलतो, टाकून देतो आणि हनुवटी लाळेने ओली असते. मालक म्हणतात नखरे करतोय. तोंडात दुर्बिणीचं नळकांडं घालून पाहिलं की जिभेच्या कडेला जखम दिसते. ‘दात झिजवण्यासाठी’ असं कांडीच्या पाकिटावर छापलेलं असतं, पण तिच्याने दाढांचं काहीही झिजत नाही. आणखी एक, अख्खा सुका मका आणि सुके वाटाणे न चावता गिळले गेले तर लहान आतड्यात अडकू शकतात. हे वारंवार होत नाही, पण झालं तर शस्त्रक्रियेवर जातं.

सुकी पपई-अननस. पपईतलं पपेन आणि अननसातलं ब्रोमेलेन ही प्रथिनं तोडणारी द्रव्यं, म्हणून ती केसही विरघळवतील असा तर्क. केसातलं केराटिन त्यांना दाद देत नाही. निरोगी सशाच्या पोटातही केस असतातच, रोज स्वतःला चाटतो तो. गवत आणि पाणी पुरेसं असलं की ते लेंड्यांतून निघून जातात. लेंड्या केसात ओवल्यासारख्या माळेने पडल्या तर ब्रश करा आणि गवत वाढवा, तोच उपाय. वाळवलेल्या फळात राहते ती साखर. त्यातही बाजारातले चौकोनी चकचकीत तुकडे बहुतेकदा साखरेच्या पाकातून काढलेले असतात. घटकांत ‘शुगर’ आणि सल्फर डायऑक्साइड दिसलं की समजा, हा टूटी-फ्रूटीचा भाऊ. ताज्या पपईचा बोटाच्या पेरभर तुकडा आठवड्यातून दोनदा दिला तर माझी हरकत नाही.

म्हणजे इथवर विष कुठेच नाही. साखर, पीठ, चरबी आहे आणि त्यांनी गवताची जागा घेतली आहे.

आता लेबल वाचायचं कसं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायची पद्धत असते, म्हणून मी पहिले तीनच बघतो. पहिल्या तीनांत टिमोथी, ओट हे, मेडो ग्रास, असं काही गवत नसेल तर मी पॅकेट ठेवून देतो. साखर एकाच नावाने येत नाही. मध, मोलॅसिस, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज अशी चार ठिकाणी विभागून आली की प्रत्येक घटक यादीत खाली सरकतो आणि सगळा मिळून पहिला असतो. ‘डेरिव्हेटिव्ह्ज ऑफ व्हेजिटेबल ओरिजिन’ ही तुमच्या पॅकेटवरची ओळ म्हणजे वनस्पतीपासून उरलेलं काहीही. त्यात चांगला गव्हाचा कोंडा असू शकतो, चोथाही असू शकतो, कंपनीने ते तुम्हाला सांगायचं टाळलंय.

त्याखाली टक्केवारी असते आणि खरी बातमी तिथे असते. साखर-पिष्ट किती हे सहसा छापत नाहीत, पण ते काढता येतं. शंभरातून प्रथिनं, चरबी, तंतू (लेबलवर ‘क्रूड फायबर’), राख (म्हणजे खनिजं) आणि ओलावा वजा करा, उरेल ते मुख्यतः पिष्ट आणि साखर. समजा एका कांडीवर प्रथिनं १२, चरबी ६, तंतू ५, राख ४, ओलावा १० असं आहे. बेरीज ३७, उरले ६३. गवताच्या एखाद्या बिस्किटावर प्रथिनं ११, चरबी २, तंतू २६, राख ८, ओलावा १० असेल तर उरतात ४३ आणि त्यातही बराच भाग प्रत्यक्षात पचणाऱ्या तंतूंचाच असतो, कारण ‘क्रूड फायबर’ची चाचणी सगळे तंतू मोजत नाही. माझी ढोबळ रेघ अशी: तंतू १८ टक्क्यांच्या वर, जमल्यास २० च्या वर, आणि चरबी ३ च्या आत. हे मोठ्या, निरोगी सशाचं. ही रेघ लावलीत तर पेट शॉपमधल्या खाऊच्या भिंतीवरचे जेमतेम दोन-चार प्रकार उरतात आणि तेच घ्यावेत.

एफएसएसएआयचा नंबर किंवा हिरवा ठिपका बघून निर्धास्त होणारेही भेटतात. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा माणसाच्या अन्नासाठी आहे, जनावरांचं खाद्य त्याच्या व्याख्येतच बसत नाही. पण पॅकबंद मालावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, वजन, महिना-वर्ष आणि किंमत छापणं वजनमापांच्या २०११ च्या नियमांप्रमाणे बंधनकारक आहे. ते नसेल, किंवा दुकानदाराने मोठ्या पोत्यातून काढून पारदर्शक पिशवीत भरलेलं असेल, तर घटक काय हा प्रश्नच उरत नाही, कारण ते कुणालाच माहीत नाहीत.

थेट घातक म्हणावं असं काय, तेही लिहून टाकतो. चॉकलेट आणि कॉफी. अवोकाडो, त्यातल्या पर्सिनमुळे. कांदा-लसणाची पावडर. ही ‘हर्ब’ बिस्किटांत आणि कुत्र्यांच्या बिस्किटांत लपलेली असते आणि दोन्ही प्राणी पाळणाऱ्या घरात कुत्र्याचं बिस्किट सशाला जातंच. जीवनसत्त्वांचे थेंब पाण्यात घालायला देतात ते नकोत. ड जीवनसत्त्व जास्त झालं तर सशाच्या रक्तवाहिन्यांत आणि मूत्रपिंडात कॅल्शियम साचतं. टांगायचे मिनरलचे दगडही नकोत. ससा कॅल्शियम जेवढं मिळेल त्या प्रमाणात शोषतो आणि जादा झालेलं लघवीतून टाकतो, त्यामुळे मूत्राशयात गाळ बसणाऱ्या सशाला ही भर परवडत नाही.

गावाकडच्या वाचकांसाठी खास: कोंबड्यांचं खाद्य सशाला घालू नका. लेअरच्या खाद्यात अंड्याच्या कवचासाठी साडेतीन टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असतं. ब्रॉयलरच्या खाद्यात कॉक्सिडिओसिस हा आतड्यांचा परजीवी आजार टाळायला आयोनोफोर गटातली औषधं मिसळलेली असतात आणि त्यातली नॅरासिन, मॅडुरामायसिनसारखी औषधं सशाच्या जिवावर उठतात. ‘सशाचं खाद्य संपलं म्हणून चार दिवस हेच घातलं’ एवढंही पुरतं. सुबाभळीचा पालाही सावधपणे. त्यातल्या मिमोसिनने सशाचे केस गळतात.

आता ज्या प्रश्नाबद्दल मी वर म्हटलं तो: पॅकेट किती दिवस कुठे पडून होतं. मका आणि शेंगदाणा दमट हवेत ठेवला की त्यावर ॲस्परजिलस बुरशी येते आणि तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन तयार होतं. या विषाला ससा अतिशय हळवा. प्रयोगांत निम्मे ससे दगावणारी मात्रा त्याच्या दर किलो वजनाला अवघी ०.३ मिलिग्रॅम निघाली आहे. उंदराला त्याच्या कितीतरी पट लागते. ते भाजून जात नाही, उन्हात वाळवून जात नाही आणि बुरशी डोळ्यांना दिसलीच पाहिजे असंही नाही. थोडं थोडं महिनाभर पोटात गेलं तर ससा सुस्तावतो, खाणं कमी होतं, वजन उतरतं. रक्त तपासलं की यकृत बिघडलेलं सापडतं आणि कारण सांगता येत नाही.

आता ही मधाची कांडी कुठून आली बघा. जहाजाने कंटेनरमधून, मग गोदाम, मग मुंबई-ठाण्याच्या जुलै महिन्यातलं दुकान, मग तुमच्या स्वयंपाकघरातलं उघडं पॅकेट. वर मध, जो हवेतली ओल शोषून घेतो. कोकणपट्टीत पावसाळ्यात पापडाचं काय होतं हे आपण जाणतो, पण सशाच्या पाकिटाकडे त्या नजरेने कुणी बघत नाही.

म्हणून घरी एक करा. कांडी मोडून पांढऱ्या कागदावर मोकळी करा. मक्याचा दाणा नखाने फोडा. टोकाकडचा भाग, जिथे दाणा कणसाला चिकटतो, तिथे हिरवट-राखाडी छटा आहे का? दोन दाण्यांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर आत धान्यातल्या पतंगाच्या अळ्या होऊन गेल्यात. सूर्यफुलाची बी चावून बघा, माणसाच्या जिभेला खवटपणा लगेच कळतो. हाताला लागलेला चुरा हुंगा, कुबट वास आला तर कचऱ्यात. चिमण्यांनाही घालू नका, पक्ष्यांनाही हे बाधतं. हे सगळं चांगलं निघालं तरी विष नाहीच अशी खात्री होत नाही, म्हणून मका किंवा शेंगदाणा असलेला सशाचा खाऊ पावसाळ्यात मी सरसकट नाहीच म्हणतो. यात मी थोडा जास्तच कडक आहे हे कबूल. माझे काही सहकारी इतके कडक नाहीत.

दाण्यांचं मिश्रण देणाऱ्यांसाठीही दोन शब्द. एडिंबरा विद्यापीठाच्या पशुवैद्यक विभागात सशांना दीड वर्षाच्या आसपास वेगवेगळ्या आहारांवर ठेवून अभ्यास झाला आहे: नुसतं गवत, गवत आणि एकसारख्या खाद्याच्या गोळ्या (पेलेट्स), गवत आणि दाणे-फ्लेक्सचं मिश्रण, नुसतं मिश्रण. मिश्रण मिळालेले ससे गोडधोड वेचून खात राहिले, त्यांनी गवत कमी खाल्लं, मऊ लेंड्या न खाता टाकल्या, आणि नुसत्या मिश्रणावरच्यांचे दात बिघडले. घरी संध्याकाळी वाटी बघा. हिरव्या गोळ्या तळाशी राहिल्यात आणि मका-फ्लेक्स संपलेत? मग पाकिटावरची टक्केवारी तुमच्या सशाला लागू नाही, कारण तो ते पाकीट खातच नाहीये.

काही गोष्टी सशागणिक बदलतात. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला मी कुठलाही गोड खाऊ देऊ नका म्हणतो, फळही नाही. पण त्याला लसूणघास (अल्फाल्फा, लसणाशी संबंध नाही) चालतो, वाढीला कॅल्शियम आणि प्रथिनं लागतात. तोच लसूणघास मोठ्या सशाला रोज नको. लठ्ठ ससा, दाढांचा त्रास असलेला, मूत्राशयात गाळ असलेला, यांना शून्य. उलट म्हातारा, वजन उतरलेला, औषध तोंडात न घेणारा ससा असेल तर मी स्वतः केळ्याच्या बोटभर चुऱ्यात औषधाची गोळी कुस्करून द्यायला सांगतो. तिथे साखरेपेक्षा औषध पोटात जाणं महत्त्वाचं.

तुमच्या सशाचं. तो खातोय, उड्या मारतोय, लेंड्या गोल आणि कोरड्या पडताहेत, एवढं असेल तर घाबरायचं कारण नाही. ड्रॉप्स आणि कांडी आजपासून बंद. पण जर तो एव्हाना त्यावरच जगत असेल आणि गवताला तोंड लावत नसेल तर एका रात्रीत सगळं काढून घेऊन उपाशी ठेवू नका. लठ्ठ ससा एक-दोन दिवस उपाशी राहिला तर यकृतात चरबी साचते आणि ते सुरुवातीच्या आजारापेक्षा वाईट. आठ-दहा दिवसांत कमी करत आणा, रोजच्या खाद्याच्या गोळ्या ४० ग्रॅमच्या आत आणा, गवत दिवसातून दोनदा ताजं बदला आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपलीत बसवून दर दोन दिवसांनी वजन लिहून ठेवा.

शेपटीखाली रोज बघा, विशेषतः आता पावसात. मऊ लेंड्या चिकटून राहिल्या की माशा अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडतात. माझ्याकडे असा ससा आला की बहुतेकदा मालकाला पाठीवरून हात फिरवताना काही कळलेलं नसतं, कारण वरचे केस स्वच्छ असतात. उलटं धरून केस बाजूला केल्यावर ओलसर, लाल कातडी आणि तिच्यावर वळवळ दिसते.

दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही, लेंड्या बंद झाल्या, पाठ कुबडी करून कोपऱ्यात बसलाय, दात करकर वाजवतोय: यातलं काहीही दिसलं तर डॉक्टर गाठा, उद्यावर टाकू नका. अंग गार लागत असेल तर वाटेतच टॉवेलात गुंडाळून ऊब द्या. सशाचं तापमान ३८.५ ते ४० असतं, ३८ च्या खाली म्हणजे गंभीर. पोट ढोलासारखं ताणलेलं असेल तर सिरिंजने काहीही भरवू नका. आणि कृपा करून घरातलं उरलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप देऊ नका. पेनिसिलिनच्या घरातली ही औषधं आणि क्लिंडामायसिन तोंडावाटे दिली तर सशाच्या सीकममधले चांगले जिवाणू मरतात आणि ससाही मरतो. मेडिकलवाल्याने “लहान मुलांचं आहे, सौम्य आहे” म्हटलं तरी नाही. ज्या डॉक्टरकडे जाल त्यांना सशांचा अनुभव आहे ना, हे फोनवरच विचारा. यात कुणी वाईट वाटून घेत नाही.

राहिला मुलीचा प्रश्न. तिला त्याला हाताने काहीतरी भरवायचंय, आणि ते मोडू नये. त्याच्या दिवसाच्या ठरलेल्या गोळ्यांतल्या दहा बाजूला काढा, त्या तिने दिवसभरात हाताने द्याव्यात. ससा हातातून मिळालेल्या गोळीलाही खाऊच समजतो. कोथिंबिरीच्या काड्या, तुळशीची पानं, पुदिना, मुळ्याचा पाला, अंगणातल्या न फवारलेल्या जास्वंदीचं फूल, पेरूची कोवळी डहाळी, सगळं चालेल. फुलवाल्याकडचे गुलाब नकोत, त्यांवर फवारणी असते. बाजारची कोथिंबीर धुऊन, पाणी निथळून. पालक कधीमधी. गाजर हे चित्रातल्या सशाचं अन्न आहे, खऱ्याला चकती पुरे.

हरळी तर आपल्याकडे फुकट उगवते. टिमोथीचे भाव परवडत नसतील तर स्वच्छ जागेवरची हरळी कापून सावलीत वाळवा, कुरकुरीत होईपर्यंत. अर्धवट ओली पिशवीत भरली तर तिलाही बुरशी येईल. गणपतीत बाजारात दूर्वांच्या जुड्या ढिगाने मिळतात, त्या दिवसांत माझ्या पेशंटांची चंगळ असते, फक्त नीट धुऊन घ्या आणि आधी गाजरगवत किंवा इतर पाला निवडून काढा.

तुम्ही दोन फोटो टाकलेत तर जास्त नेमकं सांगता येईल: कांडीच्या पॅकेटची मागची बाजू, टक्केवारी वाचता येईल इतकी जवळून, आणि उद्या सकाळच्या लेंड्या पांढऱ्या कागदावर, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून.